एका 'बाबा'च्या नोंदी

३ जून

आज काम सुरू केलं. एकच शब्द घ्यायचा, 'बाबा', आणि तो जितक्या भाषांत सापडेल तितक्या भाषांतले त्याचे अर्थ, उगम आणि प्रवास एका तक्त्यात मांडायचे, असं ठरवलं आहे. शेवटी त्या तक्त्यावरून वंशवृक्ष काढायचा. खोड कुठे, फांद्या कुठे फुटल्या, कोणती भाषा कोणाकडून काय घेऊन गेली, हे एका चित्रात दिसावं असा विचार आहे.

'बाबा' निवडायला कारण आहे. दोनच अक्षरं, तीही एकसारखी. भाषा बदलली तरी उच्चारात फार फरक पडत नाही, त्यामुळे शोधणं सोपं.

तक्त्याचे रकाने पाच: भाषा, रूप, अर्थ, उगम, पुरावा. शेवटचा रकाना मुद्दाम ठेवला आहे. दोन भाषांतले दोन शब्द कानाला सारखे लागले की माणूस लगेच नातं जोडतो, आणि व्युत्पत्तीतल्या बहुतेक चुका तिथेच जन्माला येतात. या रकान्यात काही लिहिता आलं नाही तर ती ओळ कच्ची समजायची.

पहिल्या दिवशी नऊ ओळी भरल्या. मराठी, फारसी, तुर्की, अल्बेनियन, स्वाहिली, शोना, झुलू (तिथे 'उबाबा'), योरुबा आणि चिनी. नऊही ठिकाणी अर्थ एकच: वडील. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. कारण या नऊ भाषा चार निरनिराळ्या कुळांतल्या आहेत. मराठी, फारसी आणि अल्बेनियन इंडो-युरोपीय. तुर्की तिच्या स्वतःच्या कुळातली. आफ्रिकेतल्या चारही नायजर-काँगो कुळातल्या. चिनी आणखी वेगळी. यांचं एक खोड दाखवायला कोणाकडेच पुरावा नाही. नवाच्या नऊ ओळींत 'पुरावा' रकाना रिकामा ठेवून आज थांबतो.

५ जून

स्लाव्ह भाषा उघडल्या आणि पहिल्या दिवसाचं एकमत मोडलं.

बल्गेरियन आणि सर्बियनमध्ये 'बाबा' म्हणजे आजी. रशियनमध्ये 'बाबा' म्हणजे बाई, बोलीत जरा खालच्या सुरात म्हटलेली, आजीला 'बाबुश्का'. पोलिशमध्ये 'बाबा' म्हातारी आणि 'बाब्च्या' आजी. रोमानियनने हाच शब्द स्लाव्ह शेजाऱ्यांकडून घेतला, तिथेही अर्थ म्हातारी असाच. हंगेरियनने त्यातून 'बाऽबा' घेतला तो सुईण या अर्थी. आणि त्याच हंगेरियनमध्ये थोड्या वेगळ्या स्वराचा दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ तान्हं मूल किंवा बाहुली. सुईण आणि तान्हं मूल एका स्वराच्या अंतरावर.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो बोस्नियन ओळीवर. तिथे 'बाबा' म्हणजे आजी आहेच, पण 'बाबो' म्हणजे वडील. पहिला शब्द जुना स्लाव्ह वारसा. दुसरा उस्मानी काळात तुर्कीतून आलेला. दोन दिशांनी आलेले दोन शब्द एकाच घरात राहतात आणि टक्कर होऊ नये म्हणून शेवटचा स्वर तेवढा बदलून घेतलेला आहे.

आणखी एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवतो. युक्रेन आणि दक्षिण रशियाच्या गवताळ मैदानांवर भटक्या तुर्की टोळ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी उभे केलेले दगडी पुतळे आहेत. त्यांचं रशियन नाव 'कामेन्नाया बाबा', म्हणजे दगडी बाई. त्यात स्त्रिया आहेत तशाच मिशा असलेले योद्धेही आहेत, तरी नाव तेच. काही अभ्यासक सांगतात की हे नाव मुळात तुर्की 'बलबल' (स्मारकशिळा) किंवा तुर्की 'बाबा' (बाप, पूर्वज) यावरून आलं असावं आणि रशियन कानांनी त्यात आपली बाई ऐकली. तसं असेल तर एकाच दगडात एका भाषेचा पूर्वज आणि दुसरीची म्हातारी एकत्र उभे आहेत. ही ओळ मी तक्त्यात दोनदा घातली, दोन्ही उगम लिहून.

९ जून

आज फक्त उसनवारी. काम सरळ होतं, म्हणून नोंद थोडक्यात.

फारसी आणि तुर्की या दोन भाषांनी 'बाबा' दूरवर नेला. ग्रीकमध्ये 'बाबास' म्हणजे वडील, तुर्कीतून. अल्बेनियनमध्येही तुर्कीतूनच. अझरबैजानीत 'बाबा' एक पिढी मागे सरकून आजोबा झाला, कारण वडिलांसाठी तिथे 'अता' आहे. उझबेकमध्ये 'बोबो', तोही आजोबा. या भाषांत शब्दाचा प्रवास कळतो: कोणाची सत्ता होती, कोणता दरबार होता, कोणत्या वाटेने व्यापार चालत होता. मलाक्का सामुद्रधुनीच्या काठी पिढ्यानपिढ्या राहिलेल्या चिनी वंशाच्या पुरुषांनाही 'बाबा' म्हणतात आणि स्त्रियांना 'न्योन्या'. तिथे हा शब्द आदरवाचक म्हणून भारतीय व्यापाऱ्यांच्या बोलीतून पोचला असं मानतात.

आदराचा धागा फारसीतच आहे. अकराव्या शतकातला हमदानचा कवी बाबा ताहिर हे त्याचं ठळक उदाहरण. बेक्ताशी सूफी पंथात 'बाबा' हे चक्क पद आहे. बाप, मग म्हातारा, मग वडीलधारा, मग साधू असा हा उतार सरळ आहे. मराठीत साईबाबा आणि गाडगेबाबा म्हणताना आपण त्याच उतारावर उभे असतो.

या भागाचा वृक्ष मात्र छान निघाला. बाण काढता येतात, दिशा ठरवता येते. 'पुरावा' रकाना भरला.

१२ जून

आज योगायोगांचा दिवस. सारखा आवाज, संबंध शून्य, अशा ओळींना करडा रंग दिला.

आरामी भाषेत 'बाबा' म्हणजे दार. तल्मूद या ज्यू धर्मग्रंथातल्या तीन भागांची नावं बाव्हा कम्मा, बाव्हा मेत्सिया, बाव्हा बात्रा अशी आहेत, म्हणजे पहिलं दार, मधलं दार, शेवटचं दार. त्याच्याही आधी मेसोपोटेमियातल्या प्राचीन अक्कादी भाषेत 'बाबु' म्हणजे दार. बाबिलोन हे नाव त्या शहरातले लोक 'देवाचं दार' असं समजून घेत. अरबीत हा शब्द 'बाब' झाला. लाल समुद्राच्या तोंडाशी असलेली बाब-अल-मंदेब सामुद्रधुनी म्हणजे अश्रूंचं दार.

इथवर लिहिलं आणि थबकलो. अरबी 'बाब'चा दार हा अर्थ पुढे ग्रंथाचं प्रकरण, मग विषय असा सरकत गेला, आणि फारसीच्या हातून तो मराठीत आला. आपली 'बाब' तीच. 'बाबत' त्याच घरातला. म्हणजे कोणी 'बाबांच्या बाबतीत' असं म्हणतं तेव्हा पहिल्या शब्दात बाप असतो आणि दुसऱ्यात मेसोपोटेमियाचं दार. इतकी वर्षं हे दोन शब्द शेजारी शेजारी वापरले आणि त्यांच्यामधलं अंतर कधी जाणवलं नाही. आजच्या दिवसाची हीच कमाई.

बाकीचे योगायोग भराभर. तागालोगमध्ये पहिल्या अक्षरावर जोर दिला की 'बाबा' म्हणजे हनुवटी. जोर शेवटी नेऊन गळ्यात हलका झटका दिला की खाली उतरणं. जपानीत 'बाबा' म्हणजे घोडदौडीचं मैदान. ही द्विरुक्ती दिसते, पण नाही: पहिला 'बा' घोडा, चिनीतून आलेला, दुसरा 'बा' जागा, अस्सल जपानी. दोन वेगळ्या शब्दांनी मिळून जुळ्याचा भास केला आहे. तोक्योमधल्या ताकादानोबाबा या भागाच्या नावात हेच मैदान आहे. जपानीत म्हातारीलाही 'बाबा' म्हणतात, पण तो शब्द निराळा.

स्पॅनिशमध्ये 'बाबा' म्हणजे लाळ. 'बाबेरो' म्हणजे बाळाच्या गळ्याला बांधायचं लाळेरं. करडा रंग.

१७ जून

जपानी ओळ पूर्ण करायला बसलो आणि दिवस संपला. जपानी शिकवणाऱ्या एका मैत्रिणीने एक जुनं कोडं पाठवलं. सम्राट गो-नारा यांच्या नावावर असलेल्या कोड्यांच्या संग्रहातलं, सोळाव्या शतकाच्या आरंभीचं. कोडं असं: आईला दोनदा भेटतो, वडिलांना एकदाही नाही, तो कोण?

उत्तर आहे ओठ.

आजच्या जपानीत हे उत्तर लागू पडत नाही. आई म्हणजे 'हाहा', वडील म्हणजे 'चिची'. दोन्ही म्हणताना ओठ लांबच राहतात. पण त्या काळी 'हाहा'चा उच्चार 'फाफा' असा होत असे, दोन्ही ओठ जवळ आणून मधून फुंकर घातल्यासारखा. म्हणून आई म्हणताना ओठांची दोनदा गाठ पडते आणि 'चिची' म्हणताना एकदाही नाही. पोर्तुगीज पाद्र्यांनी १६०३ साली नागासाकीत छापलेल्या शब्दकोशातही आजचे 'ह'चे शब्द रोमी 'एफ'ने लिहिलेले आहेत. साक्ष जुळते.

याच्याही मागे गेलं तर तो 'फ' पूर्वी 'प' होता असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे प्राचीन जपानीत आईला 'पापा' म्हणत. तो झिजून 'फाफा', मग 'हाहा' झाला. आज जपानी मुलं पाश्चात्त्य भाषांतून घेतलेला 'पापा' शब्द वडिलांसाठी वापरतात. तोच आवाज, पाहुणा म्हणून परत आला तेव्हा त्याने आईची जागा सोडून बापाची घेतलेली होती.

मी हे कोडं मराठीत म्हणून पाहिलं. 'बाबा' म्हणताना ओठ दोनदा मिटतात. 'आई' म्हणताना एकदाही नाही. आपल्याकडे कोडं उलटं घालावं लागेल: वडिलांना दोनदा भेटतो, आईला कधीच नाही. 'आई'त सगळं तोंड उघडंच राहतं, दोन स्वर आणि त्यांच्यात काहीही आडवं येत नाही. जगभरच्या आयांच्या नावांत 'म'ची इतकी गर्दी असताना मराठीने हा शब्द धरून ठेवला आहे, याचं मला आज फार अप्रूप वाटलं.

२१ जून

वंशवृक्ष रद्द केला.

कारण लिहून ठेवायला हवं. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली 'मामा' आणि 'पापा' जगभर का सापडतात यावर लिहिलं. त्याच्या हाताशी मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉकने गोळा केलेले १०७२ शब्द होते, ५३१ आईसाठी आणि ५४१ वडिलांसाठी. त्यात आईवाचक शब्दांपैकी ५५ टक्के शब्द अनुनासिक, म्हणजे 'म', 'न' अशा नाकातून निघणाऱ्या व्यंजनांचे होते. वडिलांसाठीच्या शब्दांत हे प्रमाण फक्त १५ टक्के. कुळं वेगळी, खंड वेगळे, तरी कल एक.

याकोबसनचं स्पष्टीकरण मला अजूनही हलवतं. बाळ दूध पीत असतं तेव्हा तोंड भरलेलं आणि ओठ दाबलेले असतात. त्या स्थितीत निघू शकणारा आवाज एकच, नाकातून येणारा हुंकार. पुढे भूक लागली की, आई दिसली की, तोच हुंकार निघतो, आणि तोंड उघडताच त्याचा 'मा' होतो. 'बा' आणि 'पा' त्या हुंकाराच्या बाहेरचे. ओठ मिटायचे, उघडायचे, बस्स. साधारण सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान बाळ ही अक्षरं माळेसारखी ओवू लागतं: बाबाबाबा. त्याला त्यातून काहीच म्हणायचं नसतं. जवळ उभा असलेला मोठा माणूस त्यातले दोन मणी उचलतो आणि म्हणतो, बघा, मला हाक मारली.

म्हणजे अर्थ मोठ्यांनी घातलेला. कोणी तो बापाला दिला, कोणी आजीला, कोणी खुद्द बाळालाच, हंगेरियनसारखा. मग स्वाहिली आणि चिनी 'बाबा' एका पूर्वजाचे वंशज असायची गरजच उरत नाही. दोन्हीकडे तो पाळण्यात जन्मला.

चिनीचा दाखला तर डोळ्यांसमोर होता आणि मी तो पाहिला नव्हता. चिनीत वडिलांसाठी औपचारिक शब्द 'फू'. अठराव्या शतकातला विद्वान छियान दाशिन याने दाखवून दिलं की प्राचीन चिनीत 'फ'सारखे दंतोष्ठ्य, म्हणजे खालचा ओठ वरच्या दातांना लावून काढलेले आवाज नव्हते. आजचे 'फ' पूर्वी दोन्ही ओठ मिटून काढलेले 'प' किंवा 'ब' होते. म्हणजे 'फू' हाही एके काळी ओठांवरचाच शब्द. ध्वनिबदलाने त्याला झिजवून पार ओळखू येईनासं केलं, आणि घरात मुलांच्या तोंडी 'बाबा' आहे तसाच आहे. जपानी आई झिजली, चिनी बाप झिजला. इतर शब्दांना जो नियम लागतो तो यालाही लागतो, फक्त हा शब्द झिजला की कोणीतरी दात न आलेलं माणूस तो पुन्हा घडवतं.

मग १२ तारखेची एक चूक सुधारली. स्पॅनिश 'बाबा', म्हणजे लाळ, मी योगायोगात टाकली होती. स्पॅनिश कोशकार तो शब्द लोकभाषेतल्या लॅटिनमध्ये नेतात आणि तिथे तो बाळाच्या बडबडीचा अनुकरणवाचक शब्द होता असं सांगतात. बाळ 'बाबा' करतं आणि सोबत लाळ गळते. बाकी जगाने त्या क्षणी आवाजाकडे पाहिलं आणि त्यात नातं ऐकलं. स्पॅनिशने हनुवटीवरून ओघळणाऱ्या थेंबाकडे पाहिलं. मी घाईने करडा रंग दिला याचं वाईट वाटलं. ती ओळ उचलून नव्या, चौथ्या रंगात घातली. त्या रंगाचं नाव 'पाळणा' ठेवलं आहे.

आता रंग चार: वारसा, उसनवारी, योगायोग, पाळणा. पहिल्या दिवसाच्या आफ्रिकी आणि चिनी ओळींनाही आता 'पुरावा' रकान्यात लिहायला काहीतरी मिळालं.

२५ जून

याकोबसनचा कल म्हणजे नियम नव्हे, हे विसरू नये म्हणून अपवाद वेगळ्या पानावर.

जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील आणि 'देदा' म्हणजे आई. आजोबांना 'पापा' किंवा 'बाबुआ'. मध्य ऑस्ट्रेलियातल्या पित्जनत्जत्जारा भाषेतही 'मामा' म्हणजे वडील. तुळूत 'अप्पे' म्हणजे आई आणि 'अम्मे' म्हणजे वडील, शेजारच्या कन्नडच्या बरोबर उलट. कन्नड आणि तुळू एकाच द्रविड कुळातल्या, एकमेकींच्या सावलीत वाढलेल्या, आणि तरी आईबाप अदलाबदल करून बसलेल्या.

स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण आणि 'काका' म्हणजे भाऊ. मराठी वाचणाऱ्याला हे वाक्य दोनदा वाचावं लागेल. बंगालीत 'दादा' थोरला भाऊ, मराठीतही थोरला भाऊ, हिंदीत मात्र वडिलांचे वडील. हा प्रकल्पाबाहेरचा विषय आहे, पण सोडवत नाही.

२८ जून

मराठीची ओळ. पहिल्या दिवशी सर्वांत आधी भरली होती आणि आज सर्वांत शेवटी पुरी होते आहे.

आधी 'बाप'. हा घरचा. प्राकृतात 'बप्प' होता. गुजरातेतल्या वलभीच्या मैत्रक राजांच्या ताम्रपटांत राजा स्वतःला 'बप्पपादानुध्यात' म्हणवतो, म्हणजे पूज्य पित्याच्या चरणांचं ध्यान करणारा. बाकी सगळा मजकूर भारदस्त संस्कृतात, आणि मधेच हा घरगुती 'बप्प'. कोरणाऱ्याने किंवा राजाने त्याच्या जागी 'पितृ' घालता आलं असतं. घातलं नाही.

'बाबा'वर फारसी-तुर्की वळणाचा ठसा आहे, आदरवाचक आणि साधूवाचक अर्थांवर तर नक्कीच. पण 'बाप' आणि 'बप्प' ज्या भाषेत आधीपासून होते, तिथे 'बाबा' पूर्ण परका म्हणून आला असं मला म्हणवत नाही. आणि प्रत्येक मराठी बाळ सातव्या-आठव्या महिन्यात तो स्वतःहून म्हणतंच. मी दोन रंग दिले, उसनवारी आणि पाळणा, आणि 'बाप'कडे एक तुटक रेघ काढली.

मग उलटा अर्थ. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या अँग्लो-इंडियन शब्दकोशात 'बाबा' हा शब्द गोऱ्यांच्या घरातल्या मुलांसाठी दिला आहे, 'बाबालोग' असा. तुर्कीत बाप असलेला हा शब्द मुलांवर कसा गेला याचं उत्तर देताना ते इंग्रजी 'बेबी'ची छाया सुचवतात. ते खरं असेल, पण एवढ्याने भागत नाही. अरबी बोलींत बाप स्वतःच्या मुलाला 'बाबा' अशी हाक मारतो आणि आई मुलाला 'मामा' म्हणते. तिथे कोणत्याही 'बेबी'ची छाया नाही. आपणही लहान मुलाला 'ये रे बाबा' म्हणतो, 'नको रे बाबा' म्हणतो, समजूत काढताना 'अरे बाबा' म्हणतो. मूल ज्या शब्दाने हाक मारतं तोच शब्द मायेने परत त्याच्याकडे जातो. या वापरासाठी तक्त्यात रकानाच नव्हता. आज केला: 'कोण कोणाला म्हणतं'.

हा रकाना केल्यावर जुन्या ओळी पुन्हा चाळाव्या लागल्या. कोशात अर्थ मिळतो, हाकेची दिशा मिळत नाही. जिथे भाषा बोलणारं कोणी ओळखीचं आहे तिथे विचारून भरतो आहे.

२ जुलै

तक्ता पुरा झाला. एकूण २७ ओळी. वंशवृक्षाऐवजी आता चार रंगांचा नकाशा आहे. बाण फक्त उसनवारीच्या ओळींना आहेत. पाळण्याच्या ओळींना नुसते ठिपके, एकमेकांना न जोडलेले, आणि तेच सगळ्यात जास्त.

'कोण कोणाला म्हणतं' हा रकाना ११ ओळींत अजून रिकामा आहे. तो तसाच ठेवून नकाशा मैत्रिणीला पाठवला. तिने एकच शंका काढली: जपानी 'हाहा' या नकाशावर का, तो तर 'बाबा'सारखा ऐकूही येत नाही. मी कोडं पुन्हा लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं, ठेव.

नवीन तक्ता उघडला आहे, 'मामा'चा. पहिली ओळ मराठी, आईचा भाऊ. दुसरी जॉर्जियन, वडील.